खंडेनवमीचा चेलो

भिलाईत संगीतातलं कळणारा माणूस एकच होता, आणि तो मी. हे दुसऱ्या कोणीतरी म्हणायला हवं होतं, पण कोणी म्हणत नव्हतं, म्हणून ती जबाबदारी मीच उचलली होती. मी दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. मूळचा नागपूरकडचा. नागपुरात एका बँडवाल्यानं धंदा गुंडाळला तेव्हा त्याच्याकडून मी एक व्हायलिन घेतलं होतं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी न चुकता ते वाजवत आलो होतो. शेजारच्या क्वार्टरमधल्या गार्ड शामरावांनी त्यानंतर संध्याकाळच्या गाड्या मागून घ्यायला सुरुवात केली. हा योगायोग आहे असं माझं मत होतं.

कारखान्यात तेव्हा तिसऱ्या भट्टीचं काम जोरात चालू होतं. रशियन इंजिनिअर, त्यांच्या बायका, त्यांचे दुभाषे, सगळी भिलाई गजबजलेली. या रशियन मंडळींसाठी क्लबात मैफल ठरली. चार वादक त्यांच्या देशातून आधीच येऊन पोचले होते: दोन व्हायलिनवाले, एक जरा थोराड व्हायलिन वाजवणारा आणि एक चेलोवाला. पाचवी पाहुणी दुसरा चेलो घेऊन मेल गाडीनं यायची होती. पाचही जणांनी मिळून वाजवायचं, असा बेत होता.

क्लबचे सेक्रेटरी हिरालालजी पार्सलं सोडवायला नेहमी माझ्याकडे येत. त्यांनी मला विचारलं, "अच्युतरावजी, ये चेलो क्या चीज है?"

"वायलिन जवान हो जाए तो चेलो बनता है," मी म्हणालो.

हिरालालजींनी दोन क्षण माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि मला तिथल्या तिथे पाहुणीच्या व्यवस्थेचा प्रमुख करून टाकलं. वर म्हणाले, "ये कार्यक्रम पार लगा दीजिए. फिर दिवाली में मंच आपका. आप अकेले बजाइएगा."

मंच! इतकी वर्षं मी कपाटाच्या आरशासमोर वाजवत होतो आणि आरशातला माणूसही हल्ली कंटाळल्यासारखा दिसायचा. दिवाळीत मी पडद्यासमोर उभा आहे, समोर हजार माणसं आहेत आणि शामराव पहिल्या रांगेत शरमेनं मान खाली घालून बसले आहेत, हे चित्र मला त्या रात्रभर दिसत राहिलं. आता फक्त एक चेलो स्टेशनवरून उतरवून संध्याकाळी मंचावर पोचवायचा होता. पार्सल क्लार्कला याहून सोपं काम ते कोणतं?

मैफलीच्या दिवशी सकाळी तमारा लेव्होवना गाडीतून उतरल्या. उंच, रुंद, गंभीर बाई. सोबत यूरी नावाचा कोवळा दुभाषा, जो पुस्तकातून हिंदी शिकला होता. चेलोची पेटी एवढी मोठी की हमालानं आधी डोक्यावरचा रुमाल काढून नमस्कार केला. त्याला वाटलं, आत कोणीतरी गेलेलं आहे.

वाद्य क्लबात ठेवायचं ठरलं होतं. पण हॉलला आदल्याच दिवशी चुना मारलेला, भिंती ओल्या. तमाराबाईंनी आत पाऊल टाकलं, हवा हुंगली आणि मान हलवली. गेस्ट हाऊसमध्ये छपराचं काम निघालेलं, पलंगावर लाल धुळीचा थर. हिरालालजींच्या कपाळाला घाम आला. तेव्हा मी पुढे झालो.

"माझ्या घरी ठेवा. कोरडं ठणठणीत क्वार्टर आहे. माझ्या व्हायलिनची एक तार आजवर तिथे तुटलेली नाही."

मी तेच हिंदीत सांगितलं, यूरीनं भाषांतर केलं. तमाराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि यूरीमार्फत सांगितलं, "महोदया कहती हैं, यह वाद्य उन्हें प्राणों से प्रिय है."

"मलाही," मी म्हणालो.

पेटी घरी आणली. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. बायको वच्छला स्वयंपाकघराच्या दारात आणि तिची आई ठकूबाई तिच्यामागे. सासूबाई दसऱ्यासाठी आठ दिवस आधीच काटोलहून येऊन राहिल्या होत्या. मला ड्यूटीवर जायचं होतं, पण दोन शब्द बोलल्याशिवाय जाईल तो संगीतज्ञ कसला?

"वच्छला, हे साधं वाद्य नाही. ही साक्षात सरस्वती समज. कोणी हात लावता कामा नये. नीट सांभाळ."

"सरस्वती होय का?" सासूबाईंनी विचारलं.

"साक्षात," मी म्हणालो आणि सायकलवर टांग मारली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या ते डोक्यात नव्हतं. आता ज्यांच्याकडे ही पद्धत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खंडेनवमीला घरातली हत्यारं आणि कामाच्या वस्तू पुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. एकदा हळदकुंकू वाहिलं की नवमी संपेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, तिला विसावा. दशमी लागली की उत्तरपूजा. शिवाय सासूबाईंच्या माहेरचा एक जास्तीचा नियम होता. पूजेतली प्रत्येक वस्तू उचलण्याआधी तिथेच पाटासमोर एकदा चालवून दाखवायची. नाहीतर ती रुसते म्हणे.

दुपारी घरी आलो तर दारात झेंडूचं तोरण. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थिजलो.

भिंतीशी पाट मांडले होते. त्यांवर वच्छलाचं शिवणयंत्र, विळी, पोळपाट-लाटणं, हातोडी, सायकलचा पाना, कात्री. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पेटीतून बाहेर काढलेला, लोडाला टेकवून बसवलेला, गळ्यात झेंडूचा हार घातलेला चेलो. कपाळाला कुंकू. चेलोला कपाळ कुठे असतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, सासूबाईंनी शोधून काढलं होतं. पोटावर हळदीची पाच बोटं. पुढ्यात उदबत्ती, कडाकण्या आणि पेरू.

"हे काय केलं!" मी ओरडलो.

"तुमीच तं सांगतलं न जवाईबापू, साक्षात सरस्वती होय म्हनून," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "घरी सरस्वती आली अन् तिले पेटीत कोंडून ठेवू का?"

"पण संध्याकाळी तो वाजवायचा आहे. क्लबात न्यायचा आहे."

"आता कसा नेता? पूजेत बसला न तो. दशमी लागल्याबिगर हलवता येत नाही."

मी वच्छलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडे कावून पाहून राहिले? मी फक्त हार केला."

दसरा उद्या, म्हणजे दशमी उद्या, म्हणजे चेलो उद्या. हा हिशेब माझ्या डोक्यात झाला आणि दिवाळीचा मंच डोळ्यांसमोरून निघून गेला. मी गुपचूप उचलून नेतो म्हटलं तर सासूबाई पाटाजवळच पोथी घेऊन बसलेल्या. त्यांच्या देखत पूजेतली वस्तू उचलायची म्हणजे पुढची वीस वर्षं त्या घरात जेवायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझीही छाती झाली नसती. लहानपणापासून जे शिकलो ते हात पुढे जाऊ देईना.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. हिरालालजींनी चेलो आणायला ड्रायव्हर फकिराला पाठवलं होतं. फकिरा जवळच्या उतई गावचा, भला माणूस. त्याला दारातच गाठलं.

"फकिरा, साहबको बोलना, बाजे को सफर बाधा है. लकडी तप गई है. ठंडी हुए बिना हिला नहीं सकते."

थाप मारताना तिला जरा शास्त्राचा वास असावा, असा माझा विचार होता. फकिरा गेला आणि क्लबात जाऊन त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की बाजाला बुखार आला आहे.

तासाभरात जीप परत आली. या वेळी तिच्यातून शेषराव उतरला. शेषराव वर्ध्याकडचा, भट्टीवर तापमान मोजणाऱ्या खात्यात. हातात गजासारखं लांबलचक यंत्र.

"हिरालालसाहेबानं पाठवलं," तो म्हणाला. "कोनाले ताप हाये?"

"याने कळेल?" मी घाबरत विचारलं.

"हे लोखंडाच्या रसाचं हाये जी. हजाराच्या खाली काईच दाखवत नाही. पन साहेब म्हने, जे हाये ते घेऊन जा."

बोलत बोलत तो आत शिरला, पूजा पाहिली आणि त्यानं झटकन वहाणा बाहेर काढल्या. सासूबाईंनी यंत्राकडे बोट केलं.

"हे तुमचं हत्यार होय का?"

"हो जी, माय."

"खंडेनवमीले तसंच घेऊन फिरून राहिले? हळदीचं बोट नाही त्याले?"

शेषरावाचा चेहरा पडला. "कारखान्यात सुटी नाही न माय आज. घरी जाऊच नाही शकलो."

"मंग ठेवा इथं."

आणि माझ्या डोळ्यांदेखत भट्टीचं यंत्र शिवणयंत्राच्या शेजारी जाऊन बसलं. हळद, कुंकू, फूल. शेषरावानं डोळे मिटून हात जोडले. मी भिंतीला टेकलो. बाहेर फकिरा हे सगळं खिडकीतून पाहत होता. तो दाराशी येऊन लाजत त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "दाई, मोर गाडी ला घलो टीका लगा दे न."

"फकिरा, नाही!" मी म्हणालो. पण सासूबाई ताम्हण घेऊन निघाल्याही होत्या. जीपच्या नाकाडावर स्वस्तिक निघालं, दिव्यांना कुंकू लागलं, चाकाशी नारळ फुटला. जीप पूजेत बसली. आता तीही दशमीपर्यंत हलणार नव्हती, आणि फकिरा तर तिच्या सावलीत प्रसादाची कडाकणी खात इतका समाधानानं बसला, की त्याला उठवणं पाप वाटावं.

क्लबातून माणूस गेला तो आला नाही, जीप गेली ती आली नाही, थर्मामीटर गेलं तेही आलं नाही. शेवटी ऊन उतरल्यावर हिरालालजी स्वतः कोणाची तरी सायकल मागून, धापा टाकत आले. दारात कुंकू लावलेली जीप पाहून त्यांनी सायकल तशीच कुंपणावर टाकली. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. थाप, ताप, सरस्वती, सगळं.

ते माझ्यावर उखडणार एवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "बसा साहेब. तुमचं कोनतं हत्यार हाये?"

"हमारा?" हिरालालजी गोंधळले. ऑफिसात त्यांच्या हाताखाली वीस माणसं, पण हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नव्हता. त्यांनी खिसे चाचपले, छाती थोडी फुगवली आणि सोनेरी टोपणाचं पेन काढलं. "माताजी, हमारा तो यही हथियार है."

पेन पाटावर गेलं.

हळद सुकायच्या आत त्यांना आठवलं, की क्लबात चिठ्ठी पाठवायला हवी. त्यांनी खिशात हात घातला, मग पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अच्युतरावजी," ते दात दाबून म्हणाले, "आप साइकिल लीजिए. बोलिए, वे चार जने शुरू कर दें. और मेहमान को यहां ले आइए. जो कहना है, आप ही कहिए उनसे. और दिवाली का आप भूल जाइए."

मी सायकल काढली. दिवाळी गेली ती गेलीच. पण त्या बाईंनी प्राणाहून प्रिय म्हणून दिलेली वस्तू मी फुशारकीपायी घरी नेली होती आणि तिला हळद फासून ठेवली होती, हे त्यांना तोंडानं सांगायचं होतं. मला खरोखर वाईट वाटत होतं. वाटेत पॅडल मारताना मी तीन-चार वाक्यं जुळवली. एकही चांगलं नव्हतं.

क्लबात पोचून निरोप दिला, चौघांनी सुरुवात केली. मी तमाराबाईंना आणि यूरीला सायकलरिक्षात बसवलं आणि मागून सायकल हाणत निघालो. वाटेत सायकल रिक्षाला भिडवून यूरीला सगळं सांगितलं, यूरीनं त्यांना सांगितलं. यूरीचं हिंदी इतकं शुद्ध, की माझं मराठी हिंदी त्याच्या डोक्यात शिरून रशियनमध्ये काय निघालं कोण जाणे.

दारात त्यांनी जीप पाहिली. आत आल्या. शेषराव, फकिरा, हिरालालजी, वच्छला, सगळे भिंतीला चिकटले. तमाराबाई पाटासमोर वाकल्या. बोटानं हळदीला स्पर्श केला, बोट हुंगलं. हार जरासा उचलून तारा पाहिल्या. मग कंबरेवर हात ठेवून सासूबाईंकडे वळल्या. सासूबाईंनीही पदर खोचला. दोघी सारख्याच रुंद होत्या हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"महोदया पूछती हैं," यूरी म्हणाला, "यह पूजन किसलिए?"

"वर्षभर राबते न बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस त्याले बसू द्यावं. त्याच्या पाया पडावं. बस."

मी त्याचं हिंदी केलं, यूरीनं रशियन. तमाराबाईंनी चेलोच्या गळ्यातला हार सारखा केला. त्यांचा चेहरा मऊ झाला, असं मला वाटलं, पण मी त्या दिवशी इतक्या गोष्टी चुकीच्या ओळखल्या होत्या, की पैज लावली नसती. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"महोदया पूछती हैं, नवमी समाप्त कब होगी?"

दुपारपासून तीन शिकलेसवरलेले पुरुष त्या घरात डोकं धरून बसले होते आणि हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.

सासूबाईंनी खुंटीवरचं पंचांग काढलंही नाही. "आता दिवे लागले की संपतेच न. दशमी रातीच लागून राहिली. सूर्योदयाले दशमी म्हनून दसरा उद्या."

"मग दुपारपासून सांगितलं का नाही?" मी किंचाळलो.

"तुमी कुठं विचारलं?" त्या म्हणाल्या. "तुमी तं आल्यापासून सांगूनच राहिले."

वच्छलानं दिवा लावला. तोवर तमाराबाईंना पाटावर बसवून सासूबाईंनी पुढ्यात कडाकण्या ठेवल्या. बाईंनी एक खाल्ली, थांबल्या आणि दुसरीसाठी हात पुढे केला. मग उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, आणि माहेरचा नियम सुरू झाला. वच्छलानं शिवणयंत्रावर चार टाके घातले. फकिरानं जीपचा भोंगा वाजवला, तो बहुतेक पलीकडच्या रुआबांधा गावापर्यंत गेला असेल. हिरालालजींनी सिगारेटच्या पाकिटावर ऐटीत सही केली. शेषराव यंत्र उचलून म्हणाला, "कोनाचं मोजू?" तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. काटा हलला नाही, पण मला कमीत कमी हजार तरी असायला हवा होता.

"आता ही," सासूबाई म्हणाल्या. "इथंच वाजवाव लागते म्हनाव. बिना वाजवता उचलली तं रुसते."

तमाराबाईंनी हार स्वतः उतरवून वच्छलाच्या हातात दिला. चेलोचा खालचा खिळा शहाबादी फरशीवर घसरायला लागला तेव्हा सासूबाईंनी चटकन पूजेतला पोळपाट त्याच्याखाली सरकवला. त्या पोळपाटाला आजही मध्ये खड्डा आहे आणि आमच्या घरी पोळीला टेंगूळ येतं. तमाराबाईंनी गज तारांवर ठेवला.

काय वाजवलं, मला माहीत नाही. संगीतातलं कळणारा एकमेव माणूस मी, पण मला माहीत नाही. फडताळातली भांडी हलकेच गुणगुणायला लागली. माझ्या छातीत कुठेतरी तसंच होत होतं. फकिरा दारात उकिडवा बसला. शामराव संध्याकाळच्या गाडीवर निघाले होते, ते कुंपणापाशी जेवणाच्या डब्यासकट उभे राहिले. माझ्या त्या खोलीत इतकी वर्षं रोज संध्याकाळी तारा घासल्या गेल्या होत्या, पण असं काही वाजलं नव्हतं. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

वाजवून झाल्यावर सासूबाईंनी बाईंच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग सगळे एकावर एक रचून जीपमध्ये बसलो. सासूबाईही आल्या, कारण चेलोचं कुंकू कोणी पुसणार नाही याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. क्लबात चौघे बिचारे तिसऱ्यांदा पहिल्यापासून वाजवत होते. कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. हळदकुंकू लावलेला चेलो मंचावर आला आणि कारखान्याचे मोठे साहेब उठून उभे राहिले, म्हणून सगळा हॉल उभा राहिला. मैफल झकास झाली. शेवटी मोठ्या साहेबांनी हिरालालजींचा हात धरून या सुंदर स्वागताची कल्पना कोणाची म्हणून विचारलं. मी एक पाऊल पुढे टाकलं. हिरालालजींनी नम्रपणे मान झुकवली आणि म्हणाले, "हमारी."

परतताना मात्र त्यांचा राग निवळलेला होता. जीपमध्ये ते म्हणाले, "अच्युतरावजी, दिवाली में मंच पर आप ही रहेंगे. वचन दिया है."

घरी पोचेपर्यंत मी हवेत होतो. पाट उचलताना मात्र एक गोष्ट डोक्यात आली. मी वर पाहिलं. माझं व्हायलिन कपाटावर होतं तिथेच होतं, धुळीत, फुलाशिवाय.

"आई," मी म्हणालो, "लाटणं पूजेत ठेवलं, सायकलचा पाना ठेवला, परक्या ड्रायव्हरची जीप ठेवली. माझं व्हायलिन कावून नाही ठेवलं?"

सासूबाईंनी वच्छलाकडे पाहिलं. वच्छला आत निघून गेली.

"पूजेत ठेवलं की वाजवाव लागते न, जवाईबापू," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षाचा सन हाये."

जीप, हिरालालजी आणि फकिरासकट, अजून दारातच उभी होती हे माझ्या लक्षात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सगळ्या क्लबाला माहीत होती.

हिरालालजींनी वचन मात्र पाळलं. दिवाळीत मी मंचावर होतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पडदा ओढायला. शामरावांनी पहिल्या रांगेत बसून जोरात टाळ्या वाजवल्या. आणि पुढच्या खंडेनवमीला मी ड्यूटीवरून घरी आलो तर पाटावर, शिवणयंत्राच्या शेजारी, सासूबाईंनी माझ्यासाठी काहीतरी मांडलं होतं. क्लबातून मागून आणलेली पडद्याची दोरी. तिला हळद, कुंकू, फूल, सगळं.

दशमी लागल्यावर मी ती ओढून दाखवली. सगळे म्हणाले, हात चांगला बसलाय.